गाडीचा काटा काय सांगतो?

ऐन उन्हाळ्यात औंढ्याहून हिंगोलीला निघालेल्या जीपचा उष्णतेचा काटा वर चढला, तर पुष्कळ जण ‘काटाच बिघडला असेल’ म्हणून गाडी तशीच दामटतात. इथेच इंजिनाचा घात होतो. काटा खोटा की इंजिन आजारी, याचा अंदाज आपल्यालाही घेता येतो.

काट्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला, तर बहुधा पट्टा तुटलेला असतो. कारण पुष्कळ गाड्यांत एकच पट्टा पाण्याचा पंप आणि वीज करणारे यंत्र फिरवतो. चढलेला काटा एकाएकी उतरला, तरी हुरळू नका. पाणी गळून गेले की उष्णता मोजणारा भाग कोरडा पडतो अन् काटा खोटे सांगू लागतो. इंजिन बंद करा, पण पुरते निवल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबामुळे 100 अंशांपुढे तापलेले असू शकते. झाकण निघताच उकळून अंगावर उडते.

तेलाचा दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करा. सपाट जागी जरा थांबून पट्टी काढून तेल पाहा. तेल पुरेसे दिसले, तरी मिस्तरीने तेलाचा दाब मोजल्यावाचून गाडी चालवू नका. दिवा खोटा निघाला तर थोडक्यात भागते. खरा निघाला तर इंजिन वाचते.