अबोलांचा बोलपट

मराठीचा प्राध्यापक हा शब्दांवर जगणारा प्राणी. एका 'च'वर अख्खी तासिका रंगवणे हा आमचा धंदाच! तेव्हा दीड तासात एकही शब्द न उच्चारणाऱ्या चित्रपटाने मला खुर्चीला खिळवून ठेवावे, हा माझ्या व्यवसायाचा अपमानच म्हटला पाहिजे. तो मी आनंदाने सोसला.

'मिनस्क्यूल' हे त्या चित्रपटाचे नाव, म्हणजे 'इवलेसे'. तोमा साबो आणि एलेन जिरो ह्या फ्रेंच दिग्दर्शकांच्या जोडीने तो २०१३ साली पुरा केला. आल्प्समधल्या मेर्कांतूर आणि एक्रँ ह्या राष्ट्रीय उद्यानांत त्यांनी खरी झाडे, खरे ओढे आणि खरे ऊन टिपले आणि त्यात संगणकावर घडवलेले किडे सोडले. २०१५ साली त्याला फ्रान्सचा मानाचा सेझार पुरस्कार मिळाला.

कथा केवढी? मुंगीएवढी! एक जोडपे वनभोजन अर्धे टाकून घाईने निघून जाते. मागे राहतो साखरेच्या वड्यांचा डबा. तो काळ्या मुंग्यांना सापडतो. माश्यांनी छळलेला, एक पंख गमावलेला ठिपकेदार ढालकिडा त्यांच्या सोबतीला येतो. वाटेत लाल मुंग्या आडव्या येतात. काळ्या त्यांना एक वडी देऊ करतात. लालांना सगळा डबा हवा! मग वारुळाला वेढा, कीटकनाशकाचा मारा, आणि उत्तरादाखल चक्क शोभेची दारू. ती पेटवायला काडी हवी, म्हणून ढालकिड्याची धावपळ.

आपल्या मूकपटांनाही पाट्यांचा टेकू लागे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'तही त्या होत्या. इथे पाटीही नाही. माश्या मोटारींसारख्या घुरघुरतात, मुंग्या शिट्ट्या-पिपाण्या फुंकतात. वास्तविक मुंगीची भाषा प्रामुख्याने गंधाची. वाट सापडली की ती जमिनीवर गंधाची रेघ ओढते. मागच्या मुंग्या ती वाचत येतात. पडद्याला वास देता येत नाही, म्हणून दिग्दर्शकांनी तिला आवाज दिला. ढालकिड्याला तर हसायला ओठही नाहीत; जे काय सांगायचे ते दोन वाटोळ्या डोळ्यांनी.

पण ह्या मौनाचे खरे मोल मला उशिरा उमगले. समजा, त्या लाल मुंग्यांना कोणी संवाद लिहून दिले असते. मग त्यांनी आपला हक्क सांगितला असता, पूर्वजांचे दाखले दिले असते, झालेला अन्याय मोजून दाखवला असता. आणि आपण, मी तर नक्कीच, वाक्यरचनेवर खूश होऊन निम्मे पटवूनही घेतले असते! शब्द नसल्यामुळे उरते ती केवळ कृती. ज्याने वाटा देऊ केला तो दिसतो. ज्याने सगळेच ओढले तोही दिसतो. ढालकिडा मैत्रीची शपथ घेत नाही. तो काडी आणायला जातो, एवढेच.

शब्दांनी आपण पुष्कळ मिळवले, हे वर्गात शिकवतच आलो. शब्दांआड आपण किती लपवतो, हे ह्या किड्यांनी शिकवले.

मुलांना घेऊन हा चित्रपट जरूर पाहा. भाषांतर करून सांगावे लागणार नाही. आणि ह्या दिवाळीत शंकरपाळ्यांच्या डब्याकडे मुंग्यांची रांग निघालेली दिसली, तर पावडर शोधण्याआधी घटकाभर थांबा. तिकडेही एखादा महाप्रवास चालू असेल!