राखणदार कुत्र्याने लांडग्याशी झुंजावे काय?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या मोकळ्या शेतात मेंढपाळाचा वाडा उतरला की त्याच्यासमवेत कुत्रीही येतात. लांडग्याला फाडून काढील तेच कुत्रे उत्तम, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण तिच्याशी मेंढपाळाच्या मिळकतीचा प्रश्न निगडित आहे.

लांडगा कळपावर येतो तो पराक्रम गाजविण्यासाठी नव्हे, तर कमी कष्टात पोट भरण्यासाठी. झुंजीत पाय जायबंदी झाला तर पुढची शिकार बंद. तेव्हा राखणदाराचे काम लांडग्याला ठार मारणे हे नसून हा सौदा त्याला महाग पाडणे हे होय. त्याने भुंकावे, कळप व लांडगा यांच्यामध्ये उभे राहावे आणि शत्रू हटताच माघारी फिरावे. पाठलागाच्या भरात दूर गेलेले कुत्रे कळप उघडा टाकते. एक लांडगा कुत्र्यांना गुंतवितो व दुसरा कोकरू उचलतो, असे मेंढपाळ सांगतात. अमेरिकेत रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासात राखणदाराचे तीन गुण मानले गेले: कळपाकडे अवधान, मेंढरांना इजा न करण्याचा भरवसा आणि संरक्षक वृत्ती. त्यासाठी पिलू मेंढरांतच वाढावे लागते.

तथापि भटक्या कळपाचा शत्रू एकच नाही. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या माळरानांवर लांडगा, तर कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत बिबट्या. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने बस्तान बसविले. लांडग्यापुढे दोन-तीन कुत्री पाय रोवून उभी राहू शकतात; बिबट्याच्या दृष्टीने कुत्रे हे स्वतःच भक्ष्य. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. गळ्यातील खिळ्यांचा पट्टा म्हणूनच मोलाचा. येथे कुत्र्याने केवळ धन्याला जागे करावे. बॅटरी घेऊन पुढे होणे हे माणसाचे काम.

आता खर्चाचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. देशात त्याची संख्या सुमारे तीन हजारच असल्याने ते योग्यही आहे. परंतु लांडगा टिकावा ही इच्छा साऱ्या समाजाची आणि मेलेले मेंढरू मात्र एकट्या मेंढपाळाचे, ही वाटणी न्याय्य कशी म्हणावी? नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनाम्याची वाट पाहत फिरता कळप किती दिवस थांबणार? पंचनामा जागेवर, त्याच दिवशी व्हावा आणि रक्कम मेंढपाळाच्या मूळ गावी मिळावी.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपर यांची मोफत लस. हे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांतही पसरतात. म्हणजे एका सुईने राखणदार आणि लांडगा दोघेही वाचतात. मेंढरांच्या खताने ज्यांची शेते पिकतात, त्या गावांच्या ग्रामपंचायतींनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी एवढे मनावर घ्यावे. इमानाची किंमत करता येत नाही हे खरे. लशीची मात्र करता येते, आणि ती एका मेंढराच्या किमतीहून कितीतरी कमी आहे.