बटण, बटण, बटण

ओटावा नदीच्या क्वेबेककडच्या काठावर हल नावाचं गाव आहे. आता ते गॅटिनो शहरात मोडतं. तिथल्या एका तळघरात रोलां गालार्नो नावाचा यंत्रकामगार साठच्या दशकात फावल्या वेळी एक यंत्र जुळवत बसायचा. त्याला जन्मापासून नावापुरतंच दिसायचं. रिले, तारा, स्वतः घडवलेले सुटे भाग असा सगळा पसारा. साधा मजकूर आत घालायचा आणि ब्रेलमध्ये बाहेर काढायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. १९७२ मध्ये ते मिनिटाला १०० शब्द ब्रेलमध्ये उमटवू लागलं. नाव ठेवलं ‘कन्व्हर्टो-ब्रेल’.

कॅनडातल्या अंधांच्या संगणकी वाटचालीचा मागोवा घ्यायचा तर मी या तळघरापासून निघेन. ते यंत्र दयेपोटी कुणी करून दिलेलं नव्हतं. ज्याची गरज होती त्यानेच ते केलं.

तोवर अंधांना कोणती कामं द्यायची हे ठरून गेलेलं होतं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक आणि १९१७ च्या हॅलिफॅक्स स्फोटात काचा लागून आंधळे झालेले लोक यांच्यामुळे १९१८ मध्ये ‘कॅनेडियन नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड’ उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एडविन बेकर हे स्वतः इंजिनियर. १९१५ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर त्यांची दृष्टी गेली होती. पण संस्थापक इंजिनियर असले तरी पुढची कित्येक वर्षं बहुतेकांच्या वाट्याला झाडू बांधणं, टोपल्या विणणं आणि कचेऱ्यांमधले खाऊ-सिगारेटचे गाळे हेच आलं. आपल्याकडे खुर्च्या विणणं होतं, पुढे पीसीओचं बूथ आलं. देश वेगळा, यादी तीच.

संगणकाने ही यादी मोडली. साठच्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत थिओडोर स्टर्लिंग यांनी अंधांना प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं. हेच स्टर्लिंग सत्तरच्या दशकात कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आले आणि त्यांनी तिथला संगणक विभाग उभा केला. त्या काळची एक युक्ती मला फार आवडते. लाइन प्रिंटर कागदावर अक्षरं हातोडीसारखी ठोकायचा. कागदामागे रबराची पट्टी लावायची आणि प्रिंटरला फक्त पूर्णविराम छापायला सांगायचं. कागदाच्या पाठीवर टिंबं उठायची. मजकूर आधीच उलटा पाठवलेला असला, की कागद पालटून बोटांनी वाचायचा! पंच कार्डांची भोकंही बोटाला कळत. लाखांच्या यंत्राला ब्रेल शिकवायला रबराची पट्टी पुरली.

मग विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीचे दिवस आले. पडदा म्हणजे निव्वळ अक्षरं, आज्ञा कळफलकावरून. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम ती मोठ्याने वाचून दाखवणार. अंध आणि डोळस प्रोग्रामर इतके बरोबरीला फार थोड्या वेळा आले असतील. आणि मग विंडोज आली. खिडक्या उघडल्या आणि आत येण्याचं दारच बंद झालं. चित्राला नाव नाही, माऊस कुठे आहे ते कळत नाही. ऑन्टॅरियोतल्या सिंथा-व्हॉइस या कंपनीने ‘विंडो ब्रिज’ नावाचा स्क्रीन रीडर काढून पूल बांधायचा प्रयत्न केला. विंडोजसाठीच्या अगदी सुरुवातीच्या स्क्रीन रीडरपैकी तो एक. याच काळात पुण्यात वाढलेले, वाडिया कॉलेज आणि आयआयटी मुंबईत शिकलेले टी. व्ही. रामन अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गणिताची सूत्रं बोलकी करत होते. १९९५ मध्ये त्यांनी संगणकाला बोलकं करणारं ‘ईमॅकस्पीक’ काढलं. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेलेल्या माणसाने स्वतःसाठी बनवलेलं हे साधन. गालार्नोंचं तळघर पुन्हा एकदा, दुसऱ्या देशात.

काम येत होतं, साधनं होती. अडलं ते अर्जाशी. टोरांटोच्या डोना जोधान मॅकगिल विद्यापीठाच्या एमबीए. २००४ मध्ये त्यांना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आपली माहिती भरायची होती. डोळस माणसाच्या मदतीशिवाय ते जमेना. २००६ ची ऑनलाइन जनगणनाही तशीच. जोधानबाई कोर्टात गेल्या. सरकारचं म्हणणं: फोन आहे, टपाल आहे, कचेरीत येता येतं. २९ नोव्हेंबर २०१० रोजी फेडरल कोर्टाने ते धुडकावलं, कॅनडाच्या हक्कसनदेच्या कलम १५ मधल्या समानतेच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं आणि दुरुस्तीला १५ महिने दिले. सरकार अपिलात गेलं. २०१२ मध्ये तिथेही निकाल मुख्यत्वे बाईंच्याच बाजूने लागला. खटला नोकरीसाठी नव्हता, नोकरीचा अर्ज आपल्या हाताने भरता यावा यासाठी होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ज्याला संकेतस्थळ स्क्रीन रीडरवर कधी ऐकावं लागलेलं नाही त्याने कल्पना करून पाहावी. टॅब दाबला, आवाज म्हणतो, ‘बटण’. पुन्हा टॅब, ‘बटण’. पुन्हा; ‘बटण’. यातलं ‘अर्ज पाठवा’ कुठलं आणि ‘सगळं पुसून टाका’ कुठलं? बनवणाऱ्याने बटणाला नाव द्यायचे कष्ट घेतलेले नसतात. उलट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला कोड, ज्यात ओळीआधीची मोकळी जागासुद्धा मोजावी लागते, तो अंध प्रोग्रामर सुरळीत ऐकतो: एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ओळ जसजशी आत सरकेल तसतसा सूर बदलून दाखवतो. अवघड ते साधलं, सोपं ते राहून गेलं.

२०१९ मध्ये ‘ॲक्सेसिबल कॅनडा ॲक्ट’ आला. देश अडथळामुक्त करायची मुदत त्यात २०४० ची आहे. तळघरातल्या यंत्राला तेव्हा ६८ वर्षं झालेली असतील. मुदत जरा ऐसपैसच म्हणायची.

आपण मात्र २०४० पर्यंत थांबायचं कारण नाही. संस्थांचे मराठी अर्ज, परिपत्रकं, नोकरीच्या जाहिराती अजून स्कॅन केलेल्या फोटोंत किंवा जुन्या फॉन्टमध्ये फिरतात. फोटोत स्क्रीन रीडरला अक्षर सापडत नाही आणि जुन्या फॉन्टमधलं मराठी तो असंबद्ध रोमन अक्षरांसारखं वाचतो. तुमच्या हातून असा कागद जाणार असेल, तर तो युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा.