एक जागा, दोन खिडक्या

कोकणात जाणाऱ्या एखाद्या गाडीत ४० जागा शिल्लक आहेत, अशी कल्पना करा. संगणकाच्या स्मृतीतील एका घरात ‘४०’ हा आकडा लिहिलेला आहे. बोरिवलीच्या खिडकीवर कोणी तिकीट मागितले, की संगणक तीन कामे करतो : आकडा वाचतो, त्यातून १ वजा करतो आणि उत्तर त्याच घरात लिहितो. आता गंमत पाहा. बोरिवलीसाठी ४० वाचून झाले, ३९ लिहायचे आहेत. एवढ्यात मुलुंडच्या मागणीनेही तेच ४० वाचले! दोन्हीकडून ३९ च लिहिले जाणार. तिकिटे गेली दोन, जागा कमी झाली एक. वजाबाकी कोणाचीच चुकली नाही, तरी हिशेब मात्र चुकला.

या प्रकाराला ‘डेटा रेस’ म्हणतात. दोघेही नुसते वाचणारे असतील तर काही बिघडत नाही. एक तरी लिहिणारा असला आणि दोघांचा क्रम ठरलेला नसला, की घोटाळा होतो. तोही दरवेळी नाही. हजार वेळा तपासा, उत्तर बरोबर येईल. एक हजार एकाव्या वेळी चुकेल. प्रयोगशाळेतील सैल तार शोधणे यापेक्षा पुष्कळ सोपे!

खऱ्या आरक्षणात याचा बंदोबस्त केलेला असतो. १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाची सुरुवात झाली. त्यापूर्वी नोंदी जाड वह्यांत होत. वही ज्या कारकुनाच्या हाती, तोच लिही; दुसरा थांबे. वही हेच कुलूप होते म्हणा ना.

रेल्वेत याहून पक्के कुलूप आहे. घाटकोपर-मुलुंड भागात जाण्यायेण्याचे रूळ वेगळे असल्यामुळे ते तुम्हांला दिसणार नाही. ते एकेरी मार्गावरचे. तेथे दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि त्यांत पोलादी गोळे. पलीकडच्या स्टेशनमास्तरने आपल्या यंत्रातून वीजप्रवाह सोडला, तरच अलीकडे एक गोळा बाहेर पडे. तो पडला, की दोन्ही यंत्रे अडकत. गोळा पुन्हा कोणत्याही एका यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. दोन्ही स्टेशनमास्तर विसरभोळे असले, तरी दोन गोळे बाहेर येणे नाही!

१९६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी संगणकासाठी असाच उपाय सुचविला आणि त्याला ‘सेमाफोर’ हे रेल्वेच्या हात पडणाऱ्या सिग्नलचेच नाव दिले. परंतु यात एक उणीव राहिली. कुलूप लावण्याची आठवण आज्ञावली लिहिणाऱ्याने ठेवायची!

ती न राहिल्यास काय होते? थेराक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना बेसुमार किरणोत्सार बसला. त्यांतील काही दगावले. टेक्सासमधील १९८६ च्या दोन अपघातांचे मूळ अशाच शर्यतीत सापडले. यंत्रातील चुंबक जुळायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्यात चालकाने पडद्यावरची नोंद दुरुस्त केली, तर आज्ञावलीच्या एका भागाला ते कळे, दुसऱ्याला कळत नसे. आधीच्या थेराक-२० मध्येही ही चूक होती. पण त्यात धोका रोखणारी स्वतंत्र विद्युत-कुलपे होती, म्हणून फक्त फ्यूज उडे. नव्या यंत्रात ती कुलपे काढून टाकली होती. गोळ्याचे यंत्र मोडीत काढून स्टेशनमास्तरच्या स्मरणशक्तीवर गाड्या सोडण्यासारखेच हे झाले.

२०१५ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ या संगणकभाषेने गोळ्याचे तत्त्व पुन्हा उचलले. स्मृतीच्या एका घराला एका वेळी वाचणारे कितीही चालतील, पण लिहिणारा असेल तर तो एकटाच, हा तिचा नियम. तो मोडणारी आज्ञावली तपासणीतच नाकारली जाते. ती चालूच होत नाही. मात्र ‘असुरक्षित’ असे मुद्दाम लिहून ठेवलेल्या भागाची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

आता घरी करून पाहा. पाटीवर ० लिहा. दोघांनी प्रत्येकी १० वेळा पाटी वाचायची, वहीत १ मिळवायचा आणि उत्तर पाटीवरचा आकडा पुसून लिहायचे. कुलूप नसेल तर शेवटी कमीत कमी किती उरतील? १० नव्हे, फक्त २! तुम्ही ० वाचून थांबा. मित्राच्या ९ फेऱ्या होऊ द्या, मग तुमचा १ लिहा. मित्र तो १ वाचून थांबेल. तुम्ही उरलेल्या ९ फेऱ्या करून १० पर्यंत पोहोचा. मग मित्र ते पुसून आपले २ लिहील.