मलकालमधला कामाचा दिवस

पहाटे पाच. दक्षिण सुदानमधल्या मलकालचा मार्चमधला उकाडा माणसाला बिगुलाआधी उठवायचा. मी शहादा तालुक्यातला, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराजवळ वाढलेला. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये ड्रेसर होतो. जनावरांच्या जखमा धुणाऱ्याचं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काय काम, असं गावात पुष्कळांनी विचारलं. तिथली कितीतरी भांडणं गुरांवरून पेटतात, एवढं सांगितलं की शेतकरी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

सहाला फॉलिन. हजेरी, रेडिओ तपासणी, पाण्याचे कॅन. डोक्यावर निळं हेल्मेट, अंगात जड जॅकेट. गस्तीच्या गाड्या आधी निघायच्या, कारण तळालगतच्या विस्थापितांच्या छावणीतल्या बायका ऊन चढायच्या आत सरपणाला बाहेर पडतात आणि त्यांच्यावर हल्ले होतात ते त्याच वाटेवर. गस्तीने करायचं काय? दिसत राहायचं. गोळी झाडायची वेळ क्वचित येते, पण गाडी दिसली नाही की ते त्या दिवशीच कळतं.

आठ ते बारा आमचं जनावरांच्या उपचाराचं शिबिर. गाढवं सर्वांत आधी यायची. मलकालमध्ये पाणी गाढवगाड्यांवर फिरतं, त्यामुळे खांद्याला जोखडाचे घाव पडलेलं गाढव म्हणजे एका कुटुंबाची बंद पडलेली कमाई. मग शेळ्या: जंतनाशक पाजा, गोचीड काढा, पीपीआर या साथीच्या रोगाची लक्षणं दिसली तर बाजूला बांधा. लांब शिंगांच्या गाई आल्या की आमचे मेजरसाहेब, ते डॉक्टर, स्वतः पुढे व्हायचे. धरायला मालकच लागायचा. परक्याचा हात त्या गाईंना खपत नसे, आणि त्यांच्या मालकांनाही.

तिथे लग्नात नवऱ्याकडून मुलीच्या घरी गाई जातात. आमच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल-पावऱ्यांत देज देतात, त्यामुळे मला ते समजायला दुभाष्या लागला नाही. गाई नाहीत म्हणजे लग्न नाही, म्हणून तरुण पोरं दुसऱ्या जमातीची गुरं पळवतात. पूर्वी हे भाल्यांनी व्हायचं, आता रायफली आल्या. ज्या तरुणाची गाय रोगाने मरत नाही, त्याला रात्री दुसऱ्याच्या गोठ्यावर जायचं एक कारण कमी. आमच्या सुईने युद्ध थांबलं असं मी म्हणणार नाही. पण शिलूक, नुएर आणि डिंका माणसं एका रांगेत जनावरं धरून उभी राहिलेली मी आमच्याच तंबूपुढे पाहिली.

एकला जेवण. वरणावर घरून नेलेलं नंदुरबारच्या मिरचीचं तिखट. आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे घरी साडेचार वाजलेले. मायला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, जेवना का?" तिथे काय खातात, हे तिला ज्वारीवरून सांगितलं. मदतीच्या पोत्यांतही ज्वारीच असते, हे ऐकून तिला त्या मुलखाबद्दल उगाच आपुलकी वाटायला लागली.

दुपार कागदांची: औषधांचा साठा, रोगांची नोंद, अहवाल. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

चारच्या सुमारास नाईल नदीच्या धक्क्यावर. १५ एप्रिल २०२३ ला शेजारच्या सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि रेंकहून माणसांनी भरलेल्या होड्या मलकालला येऊ लागल्या. यांतले पुष्कळ जण पूर्वी दक्षिण सुदानच्या यादवीतून सुदानला पळालेले. आता तिथूनही पळून परत आलेले. आम्ही सावली आणि पाण्याच्या कामात हात लावायचो.

सहानंतर फाटकावर बंदोबस्त. त्या फाटकाला इतिहास आहे. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. १५ डिसेंबर २०१३ ला राजधानी जुबात यादवी सुरू झाली. जीव वाचवायला लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावले आणि तळांची फाटकं उघडली गेली. चारच दिवसांनी अकोबोच्या तळावर हल्ला होऊन आश्रयाला आलेल्या लोकांबरोबर आपले दोन जवान मारले गेले. पुढे बाकीच्या शहरांतल्या अशा छावण्या तिथल्या सरकारकडे सोपवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या थेट संरक्षणाखाली उरली ती मलकालची, तीस हजारांहून अधिक माणसांची.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंदूकधारी याच छावणीत घुसले. पंचवीसहून अधिक माणसं मेली, झोपड्या जळाल्या. शांतिसैनिक वेळेत हलले नाहीत, काही ठिकाणी लेखी हुकमाची वाट पाहत थांबले, असा ठपका संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशीत आला. माझ्या मते नव्या तुकडीला पहिल्या दिवशी पदकांची नव्हे, या प्रकरणाची माहिती द्यावी.

नऊला दिवे बंद.

मी परत आलो, मोहीम चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं, की पैशाअभावी जगभरच्या नऊ मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश शांतिसैनिक कमी होणार. सदस्य देशांची वर्गणी थकली, त्यात सर्वांत मोठी थकबाकी अमेरिकेची. माणसं आणि डिझेल कमी म्हणजे सरपणाच्या वाटेवरची गाडी कमी. वर्गणी थकवणाऱ्यांना हे कळत नाही, असं मला वाटत नाही.