मौतची आठवण आणि घरातला हिशेब

नमाजची वेळ नसताना मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून आवाज आला की मोहल्ल्यातले हात क्षणभर थांबतात. कुणाचा तरी इंतकाल झालेला असतो. नाव कळते, जनाजाची नमाज जोहरनंतर की असरनंतर तेही कळते आणि ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणत आपण उठतो. जनाजाला खांदा देतो, कबरीवर तीन मुठी माती टाकतो, दुआ करतो. त्या तासाभरात आपली स्वतःची मौतही आठवते. पण कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आलो की बोलणे मुलाच्या अॅडमिशनवर नाहीतर जागेच्या भावावर येते. यात वाईट काही नाही, जगणे चालूच राहायचे. प्रश्न एवढाच की, मौत आठवून आपण घरात नेमके काय बदलतो?

बहुतेक घरांत काहीच बदलत नाही. उलट, एखाद्या वडीलधाऱ्याने “माझ्यामागे असे असे करा” म्हणायला सुरुवात केली की आपणच त्यांना थांबवतो. “अल्लाह न करे, अब्बा, असे काय बोलता!” म्हणून विषय बदलतो. आपल्याला वाटते, आपण त्यांचे मन राखले. खरे तर त्यांचे एक जरुरीचे काम आपण अडवलेले असते.

मौतविषयी बोलणे अपशकुनी आहे, असे आपला दीन कुठेच सांगत नाही. ज्याच्याजवळ वसियत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही काढू नयेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्यांच्यासमोर जनाजा आला की ते विचारत, याच्यावर कर्ज आहे का? फेडण्यासाठी याने काही मागे ठेवले आहे का? काही नसेल तर सुरुवातीच्या काळात ते सोबत्यांना नमाज पढायला सांगत आणि स्वतः थांबत. पुढे ऐपत आली तेव्हा अशा मृतांचे कर्ज फेडण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. मेलेल्या माणसाचे देणे किती गंभीर आहे, हे यावरून समजावे.

खलिफांची अखेर

हजरत उमर (रजि.) यांच्यावर हिजरी 23 मध्ये मदिनेत फज्रच्या नमाजच्या वेळी खंजिराने वार झाले. त्यांना पाजलेले दूध जखमेतून बाहेर आले, तेव्हा आता ते वाचणार नाहीत हे सर्वांना कळले. त्यांनाही कळले. त्यांनी मुलाला, अब्दुल्लाह (रजि.) यांना बोलावून आपल्यावर कर्ज किती आहे त्याचा हिशेब करायला सांगितले. आकडा 86 हजारांच्या आसपास निघाला. आधी घरच्यांच्या मालातून ते फेडा, कमी पडले तर कोणाकडे मागायचे, तेही त्यांनी क्रमाने सांगितले. मग प्रेषितांच्या शेजारी दफन होण्याची परवानगी मागायला मुलाला हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे पाठवले. परवानगी मिळाली. तरीही ते म्हणाले की, माझा जनाजा दारात नेल्यावर पुन्हा एकदा विचारा. त्यांनी नाही म्हटले तर मला सामान्य कब्रस्तानात न्या.

त्याआधी हिजरी 13 मध्ये हजरत अबूबक्र (रजि.) यांनी आपल्याकडे असलेली बैतुलमालची चीजवस्तू परत करायला सांगितले होते. अंगावरचेच जुने कापड धुऊन कफनात वापरा, नव्या कापडाची गरज जिवंत माणसाला जास्त असते, असेही त्यांनी घरच्यांना सांगून ठेवले होते.

ही दोन्ही माणसे आपल्या मौतविषयी घरच्यांशी उघड बोलली आणि घरच्यांनी ते ऐकून घेतले. त्यांना कुणी गप्प केले नाही.

लपवलेला आजार

आपल्याकडे काय होते? डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन मुलाला बाजूला बोलावतात. मुलगा बाहेर येऊन सगळ्यांना बजावतो, “अब्बांना सांगायचे नाही.” आमच्या परिचयातल्या एका घरात बेकरी चालवणाऱ्या वडिलांना कॅन्सर झाला. घरच्यांनी चार महिने ‘अल्सर आहे’ असेच सांगितले. ते गेल्यावर दहाव्या दिवशी मैद्याचा व्यापारी उधारीची वही घेऊन आला. पाठोपाठ मोहल्ल्यातली एक बेवा आली. मुलीच्या लग्नासाठी जमवलेली रक्कम तिने त्यांच्याकडे अमानत म्हणून ठेवली होती. लिखापढी काहीच नव्हती. एक भाऊ म्हणाला, देऊन टाकू. दुसऱ्याने विचारले, पुरावा काय? दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते. ज्यांना खरे ठाऊक होते त्यांना ते सांगायची वेळ आली आहे, हेच कुणी कळू दिले नव्हते.

प्रत्येक आजारी माणसावर सगळा रिपोर्ट आदळावा, असे आमचे म्हणणे नाही. कुणाला किती ऐकायचे आहे, हे त्यांनाच हळूच विचारता येते. “तब्येतीबद्दल डॉक्टर जे सांगतील ते तुम्हाला सांगू का?” एवढा एक प्रश्न पुरतो. ज्याला कळते, त्याला तौबा करायला, कुणाची माफी मागायला, अमानत परत करायला वेळ मिळतो. आणि अखेरची घटका आली की उशाशी बसून हलक्या आवाजात कलमा पढावा. तो म्हणा म्हणून त्यांच्या मागे लागू नये. फोन आणि व्हिडिओ कॉल दाराबाहेर राहू द्यावेत.

मेहर हे कर्जच

जनाजा उठण्याआधी अनेक घरांत एक गोष्ट घडते. रडून थकलेल्या बेवेजवळ कुणीतरी बुजुर्ग बाई येऊन म्हणते, “मेहर बख्श दो, बेटी.” नवऱ्याची मय्यत समोर असताना कुठली बाई नाही म्हणेल? भरलेल्या घरात, सगळ्यांच्या नजरेखाली दिलेल्या या माफीला खुशीची माफी कसे म्हणावे? न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. मैद्याच्या व्यापाऱ्याची उधारी जशी त्याच्या मालातून फेडायची, तसाच हाही. आणि तो फेडायला नवऱ्याकडे वीस-तीस वर्षे होती. निकाहनामा काढून बघावा, आकडा तिथे लिहिलेला आहे.

मागे राहिलेल्या मालाचा क्रम आपल्या शरिअतने ठरवून दिला आहे. पहिल्यांदा कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरेल त्यात वारसांचे वाटे. वसियत जास्तीत जास्त एक तृतीयांश मालापुरती करता येते. एखाद्या वारसाला वसियतीने जादा देता येत नाही, इतर वारस राजी असतील तरच.

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून एक गणित मांडतो. एका माणसाने 26 लाखांचा माल मागे ठेवला. कफन-दफन, कर्ज आणि मेहर मिळून 2 लाख गेले. वसियत नव्हती. उरले 24 लाख. आईवडील आधीच वारलेले, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे 3 लाख. राहिलेल्या 21 लाखांत मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. मुलाला 14 लाख, मुलीला 7 लाख. सातवीतले मूलही हे सोडवील.

मोठी माणसे मात्र इथेच अडतात. “बहिणीच्या लग्नात खर्च केला ना?” म्हणून तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. लग्नातला खर्च म्हणजे वारसा नव्हे. कुरआनच्या सूरह निसामध्ये हे वाटे अल्लाहने स्वतः ठरवले आहेत. बापाने हयातीतच मुलाला बसवून सांगितले की बहिणीचा वाटा तिला मिळालाच पाहिजे, तर मागाहून भांडणाला फारशी जागा उरत नाही. बँकेच्या ठेवीवर मुलाचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी तो त्या पैशाचा मालक होत नाही, त्याने ते सर्व वारसांसाठी स्वीकारायचे असतात. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये हेच स्पष्ट केले आहे.

मुलांना काय सांगायचे?

बाप गेल्यावर आठवड्याने वर्गात परतलेले मूल आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. लहानग्याला सांगितलेले असते, “अब्बू परदेशात गेलेत.” मधल्या सुट्टीत दुसरे मूल खरे सांगून टाकते. मग ते मूल मोठ्यांच्या इतर बोलण्यावरही विश्वास ठेवेनासे होते. मुलांना साध्या शब्दांत खरे सांगावे आणि रडू द्यावे. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले होते. त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा कुणाच्या मरणाने ग्रहण लागत नसते, असे त्यांनी सांगितले. दुःखातही त्यांनी अंधश्रद्धेला जागा दिली नाही.

तरुण मुलामुलींनी मय्यतीला गुस्ल देणेही शिकून घ्यावे. पुरुषाच्या कफनाला तीन कापडे, बाईच्या कफनाला पाच, हे तोंडपाठ असते, पण हात लावायची वेळ आली की पेशेवर माणसाला निरोप जातो. हजरत अबूबक्र (रजि.) यांना त्यांच्या पत्नीने, अस्मा बिन्त उमैस (रजि.) यांनी गुस्ल दिला होता. ज्या हातांनी आयुष्यभर वाढले, ते हात अखेरच्या कामाला का कचरावेत?

सुरुवात एका वहीने करता येईल. कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे, कुणाची अमानत, मेहर दिला की राहिला, घराचे कागद आणि बँकेची पासबुके कुठे आहेत, वसियत काय, राहिलेले रोजे किती, जकात किती. तारीख घालावी, सही करावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि वही कुठे ठेवली ते बायकोला आणि मोठ्या मुलामुलीला सांगावे. बायकांनीही आपली वही वेगळी करावी. त्यांचे दागिने, बिशी, उसने पैसे यांचा हिशेब बहुधा त्यांच्या एकटीच्याच डोक्यात असतो. दरवर्षी रमजानच्या आधी ही वही उघडून दुरुस्त करावी. काम तासाभराचे आहे. आज इशानंतर बसलात तर झोपण्याआधी होईल.