टी. रेक्सची जुनी भावकी

टायरॅनोसॉरस रेक्स हा सुमारे १२ मीटर लांबीचा मांसाहारी डायनोसॉर ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत वावरत होता. त्याचे कूळ मात्र त्याच्याही दहा कोटी वर्षे आधीचे आहे. त्या कुळातले बहुतेक जुने प्राणी लहानखुरेच होते.

जीवाश्मांतून हे नाते ओळखण्याच्या काही खुणा आहेत. वरच्या जबड्याच्या टोकाचे दात बारीक असतात आणि त्यांचा आडवा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो. नाकाची दोन हाडे जुळून एकसंध झालेली असतात. कमरेच्या वरच्या हाडावर उभा कंगोरा असतो.

या कुळाचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरची प्रोसेराटोसॉरसची कवटी. ती सुमारे १६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. १९१० साली तिचे वर्णन झाले, तेव्हा ती मेगॅलोसॉरसची समजली गेली. पुढे शंभर वर्षांनी सीटी स्कॅनने तिची तपासणी झाली आणि टी. रेक्सशी असलेले नाते पक्के झाले. चीनच्या शिनजियांग प्रांतात सापडलेला ग्वानलाँग साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा. लांबी जेमतेम ३ मीटर, नाकावर पातळ पोकळ तुरा, हात लांब आणि हाताला तीन बोटे. टी. रेक्सचे हात आखूड आणि दोन बोटांचे. म्हणजे दातांची ठेवण आधी आली, हात पुढे आखडले.

चीनच्याच ल्याओनिंग प्रांतातल्या बारीक गाळाच्या खडकांनी हाडांबरोबर त्वचेवरचे आवरणही जपले. २००४ मध्ये वर्णन झालेल्या छोट्या डिलाँगच्या अंगावर पिसांसारखे तंतू आढळले. २०१२ मधला युटायरॅनस तर ९ मीटर लांब होता, तरी त्याच्याही अंगावर १५ ते २० सेंटिमीटरचे तंतू होते. मोठा आकार या कुळात एकदा असा वेगळ्या फांदीवरही आला होता.

मुख्य शाखा मात्र बराच काळ लहानच राहिली. अमेरिकेतल्या युटा राज्यातील ९ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या मोरोसचे वजन अवघे ७८ किलोच्या आसपास असावे. उझबेकिस्तानचा तिमुरलेंगिया ९ कोटी वर्षांपूर्वीचा, घोड्याएवढा. त्याच्या मेंदूच्या कवचाच्या स्कॅनमध्ये कमी कंपनांचे आवाज टिपणारा, टी. रेक्सच्या धाटणीचा अंतर्कर्ण दिसला. शरीर वाढण्याआधीच ज्ञानेंद्रिये तयार होती.

त्या काळापर्यंत बड्या शिकाऱ्यांची जागा अ‍ॅलोसॉरसच्या भावकीकडे होती. ती भावकी उत्तर गोलार्धातून नाहीशी झाली आणि टायरॅनोसॉरना वाढायला वाव मिळाला. या वळणावरचा दुवा म्हणजे मंगोलियाचा खानखूलू. १९७०च्या दशकात खणून काढलेली त्याची हाडे आधी दुसऱ्याच प्राण्याच्या नावावर जमा होती. २०२५ मध्ये त्यांना स्वतंत्र नाव मिळाले. ८ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, साधारण ७५० किलोचा हा चपळ प्राणी अवाढव्य टायरॅनोसॉरच्या पूर्वजांच्या अगदी जवळचा होता. अशाच आशियाई प्राण्यांचे वंशज उत्तर अमेरिकेत पोहोचले आणि तिथे राक्षसी आकाराचे झाले.